अकरा कोटी आवाज

जाहीर नोटिसा वाचणारं माणूस अख्ख्या इचलकरंजीत आता एकच उरलं असेल, आणि ते म्हणजे मालनताई टिपुगडे. पेपर हातात आला की लोक आधी राशिभविष्य बघतात, नाहीतर कोण गेलं ते बघतात. मालनताई आतल्या पानावरच्या बारीक अक्षरांवर भिंग धरून बसायच्या. सवयच तशी लागलेली. सूतगिरणी बुडाली तेव्हा अवसायकाची, म्हणजे मालमत्ता विकायला नेमलेल्या अधिकाऱ्याची, नोटीस अशीच कोपऱ्यात छापून आली होती. ज्यांनी वाचली त्यांनी मुदतीत अर्ज केले, बाकीच्या बायका हात हलवत घरी गेल्या. मालनताईंनी तेव्हा युनियनतर्फे एकशेसाठ अर्ज स्वतःच्या हातानं लिहिले होते आणि प्रत्येकाची शिक्का मारलेली पोच घेतली होती. कागद दिला की पोच घ्यायची, हा त्यांचा धर्म होता म्हणा ना.

त्या मंगळवारी सकाळी नोटीस वाचता वाचता त्या ओरडल्याच, "अगं बाई, माझ्याच मशीनची कंपनी बुडाली की!"

पुण्याची श्रवणी हिअरिंग कंपनी दिवाळखोरीत निघाली होती. मालमत्तेचा लिलाव होता. टेबलं, खुर्च्या, एसी, एकशेचाळीस लॅपटॉप, मशीनचे साचे. आणि सगळ्यात शेवटी एक ओळ : 'आवाजठसे, नग अकरा कोटी, स्थळ व वेळेच्या नोंदींसह.'

मालनताईंना त्या ओळीचं काहीच वाटलं नाही. आता कानातल्या मशीनचे सेल कुठनं आणायचे, याचीच त्यांना काळजी पडली.

हे मशीन काय होतं ते सांगायला हवं. सूत कातणाऱ्या रिंगफ्रेम खात्याच्या खडखडाटात सव्वीस वर्षं काढल्यावर मालनताईंचे कान गेले. गिरणीतल्या निम्म्या बायकांचे गेले. आधी त्यांनी जुन्या पद्धतीचं मशीन वापरून बघितलं, पण ते सगळंच मोठं करून ऐकवायचं. मिक्सर, पडलेला चमचा, दारातला रिक्षावाला आणि समोरचं माणूस, सगळे एकदम अंगावर यायचे. गलक्यातून नेमकं हवं ते माणूस उचलून ऐकायचं, हे खरं अवघड काम, आणि धडधाकट माणसाचा मेंदू ते फुकटात करून देतो म्हणून त्याची किंमत कळत नाही.

श्रवणीच्या लोकांनी त्यावर तोड काढली. माणसाचा आवाज त्याच्या घशाची लांबी, टाळूची कमान, नाकामागची पोकळी यांवर ठरतो. सर्दी झाली, रडू आलं, मुद्दाम आवाज बदलला, तरी त्यातलं काहीतरी तसंच राहतं. दहा सेकंद बोलणं ऐकलं की त्या मशीनला सातशे आकडे काढता येत. हाच आवाजठसा. बोललेलं काही साठवायचं नाही, फक्त आकडे ठेवायचे. पुन्हा तेच माणूस बोललं की मशीन आकडे ताडून बघायचं आणि तेवढाच आवाज गलक्यातून वर काढायचं. पण शेंगदाण्याएवढ्या मशीनमध्ये एवढं मावणार कुठं? म्हणून ते सगळं फोनमधून कंपनीच्या कॉम्प्युटरवर जायचं. कोणता आवाज कुठं आणि कधी ऐकला, तेही जायचं, कारण घरात कोण बोलत असेल आणि बाजारात कोण, याचा अंदाज त्यावरून बांधता येई. भले भले डॉक्टर वाहवा करत होते. सरकारनं अनुदान दिलं. इचलकरंजीत तर गल्लीगल्लीत म्हाताऱ्यांच्या कानांत ते मशीन दिसू लागलं.

एक गोष्ट मात्र कुणाच्या ध्यानात आली नाही. मशीन घेताना सही मालनताईंनी केली होती. ठसे गेले ते त्यांच्यासमोर ज्यानं ज्यानं तोंड उघडलं त्या सगळ्यांचे.

त्यात ऋतुजा होती.

ऋतुजा दोन वर्षांपासून मालनताईंच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहत होती. पोरगी अमरावतीकडची, अठ्ठावीस-एकोणतीसची, शर्टाच्या कारखान्यात कॉलर शिवायची. मालनताईंना मूलबाळ नव्हतं, नवरा जाऊन नऊ वर्षं झालेली. पहिल्या महिन्यात ऋतुजा भाडं हातावर ठेवून वर जायची. तिसऱ्या महिन्यात दोघी एका ताटलीत चिवडा खात होत्या. आणि एके दिवशी भाकरी थापता थापता तिनं सगळं सांगून टाकलं. नवऱ्याचं नाव संग्राम. त्यानं तिचं मनगट दोनदा मोडलं होतं. ती पळाली. त्यानं पहिल्यांदा तिला नाशकात मैत्रिणीच्या घरी शोधून काढलं, दुसऱ्यांदा पुण्याच्या हॉस्टेलवर. दुसऱ्या वेळी गाडीत बसवताना तो अगदी शांतपणे म्हणाला होता, "तिसऱ्यांदा शोधायला लावलंस ना, तर परत आणणार नाही."

हे सांगताना तिचे हात पिठातच राहिले होते. मालनताईंनी तव्यावरची भाकरी करपू दिली आणि तिला जवळ घेतलं.

नोटीस आल्यावर चौथ्या दिवशी ऋतुजा भर दुपारी कारखान्यातून घरी आली. चेहरा पांढराफटक पडला होता. तिनं फोन पुढं केला. कुणीतरी जाहिरात पाठवली होती : 'हरवलेलं माणूस? पळालेला कर्जदार? दहा सेकंदांचा आवाज द्या, थांगपत्ता लावून देऊ. लवकरच, अकरा कोटी आवाजांसह.'

"मावशी, हे तुमच्या मशीनचे आवाज आहेत. ही थांगपत्ता कंपनी ते लिलावात घेणार आहे."

"घेऊ दे की. त्या संग्रामकडं तुझा आवाज कुठला आलाय?"

ऋतुजा खाली बसली. "लग्नाचा व्हिडिओ आहे ना त्याच्याकडे. त्यात मी उखाणा घेतलाय. चांगला पंधरा सेकंदांचा."

 मालनताईंनी कानातलं मशीन उपसून टेबलावर ठेवलं आणि त्याच्याकडं बघत बसल्या. दोन वर्षं आपण हिला पोटाशी धरली म्हणायचं, आणि रोज सकाळ-संध्याकाळ आपलाच कान हिचा पत्ता पुण्याला कळवत होता! ऋतुजाचे ओठ हलत होते, पण त्यांना आता काही ऐकू येत नव्हतं. मशीन काढून काय उपयोग होता म्हणा, दोन वर्षांचं सगळं तिकडं जमाच होतं. त्यांनी ते पुन्हा कानात घातलं.

"मी जाते इथून," ऋतुजा म्हणत होती.

"जाशील कुठं? जिथं जाशील तिथं कुणा म्हातारीच्या कानात हे असंलच. गप बस. तू घाबरू नको. मी बघते."

त्या दिवसापासून ऋतुजा घराबाहेर बोलेनाशी झाली. बाजारात ती बोटानं वांगी दाखवायची, बोटांनीच किलो सांगायची. कारखान्यात घसा बसलाय म्हणाली. समोरून कुणी वयस्कर माणूस आलं की आधी त्याच्या कानाकडं बघायची, आणि ती एकटीच तशी नव्हती. जाहिरात सगळ्यांच्याच फोनवर आली होती. चहाच्या टपरीवर एखादा म्हातारा टेकला की गप्पा मारणारे लोक हळूच उठायला लागले. एका सुनेनं तर सासूला सरळ सांगितलं, मशीन काढा नाहीतर मी तुमच्याशी बोलणार नाही. किती लोकांना कुणापासून तरी लपायचं असतं, हे मालनताईंना वयाच्या बासष्टाव्या वर्षी कळलं.

फुकट कायदेशीर सल्ला देणाऱ्या केंद्रात तेजस चौगुले नावाचा वकील बसायचा. सव्वीस वर्षांचा, हुशार, पण मालनताईंसमोर शाळेतल्या पोरासारखा ताठ उभा राहायचा, कारण त्याच्या आईचा गिरणीतला अर्ज मालनताईंनीच लिहिला होता.

"ताई, घोळ असा आहे," तो म्हणाला. "कंपनी बुडाली की जे विकण्यासारखं असेल ते विकून बँकांचे पैसे भागवायचे, हे अवसायकाचं काम. तो काही वाईट माणूस नाही. त्या खुर्च्या-टेबलांना कोण विचारतं? किंमत आहे ती ठशांनाच."

"पण आवाज ऋतुजाचा हाय. तिला कुणी इच्यारलं?"

"तेच तर. ठसा तिचा असला, तरी कायद्याला ती दिसतच नाही. ग्राहक तुम्ही. संमतीची सही तुमची. हरकत घेता येईल ती तुम्हालाच."

"मग घेते की."

"नुसतं 'आम्हाला भीती वाटते' म्हणून भागत नाही हो. लिलाव अडला तर बँकांचं नुकसान. न्यायाधिकरण विचारणार, कुणाला काय ठोस धोका आहे ते दाखवा. नाव, ठिकाण, घडलेलं सगळं." चौगुले जरा घुटमळला. "ते बंद लिफाफ्यात देता येतं. त्यासाठी वेगळी परवानगी काढावी लागेल, आठवडा जाईल. लिलाव नऊ दिवसांवर आलाय. धावपळ होईल, पण नाव उघड होणार नाही."

बंद लिफाफा म्हटल्याबरोबर मालनताईंचं डोकं फिरलं. गिरणीचा सौदा मालकानं आणि अवसायकानं बंद लिफाफ्यातच केला होता. आत काय होतं ते बायकांना कधी कळलं नाही, कळलं ते एवढंच की हक्काचं निम्मंही हाती आलं नाही. तेव्हापासून त्या दोन शब्दांचा त्यांना तिटकारा होता.

"अजिबात न्हाई. चोरानं लपवावं. आपलं काय खोटं हाय? जे हाय ते उघड लिहायचं, सही करायची आणि पोच घ्यायची."

"ऋतुजाताईंना विचारलंय ना पण?"

"तिला कशाला आणि घाबरवायचं? लेकीसारखी हाय ती मला. मी बघते म्हणलं ना."

चौगुलेनं मान डोलावली. त्याची काही मालनताईंशी वाद घालायची टाप नव्हती.

अर्ज मालनताईंनी स्वतः लिहिला. किती वर्षांनी लिहीत होत्या! अक्षर अजून तसंच वळणदार होतं. पाच प्रती केल्या. एक न्यायाधिकरणाला, एक अवसायकाला, दोन बँकांना, आणि एक त्या थांगपत्ता कंपनीला, कारण समोरच्या पक्षाला प्रत द्यावीच लागते. पाचही रजिस्टर पोस्टानं गेल्या. पाचही पोचा आल्यावर त्यांनी त्या फायलीला लावल्या, आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी त्यांना झक्क झोप लागली.

सुनावणी चौगुलेच्या केंद्रातल्या पडद्यावर झाली. बँकांच्या वकिलानं ठसे म्हणजे मालमत्ता आहे, असं इंग्रजीतून अर्धा तास समजावलं. मग न्यायाधिकरणाच्या अध्यक्ष बाईंनी मालनताईंना बोलायला सांगितलं. मालनताई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "बाई, मी मशीन घेतलं ते ऐकायला. लोकांची चहाडी करायला न्हाई घेतलं."

निकाल त्यांच्या बाजूनं लागला. लिलावातून ठसे काढा, सगळे पुसून टाका आणि पुसल्याचं प्रमाणपत्र द्या. अकरा कोटी लोकांचे आवाज एका बाईच्या अर्जानं सुटले! टीव्हीवर बातमी झाली. नाव मात्र बातमीत नव्हतं, नुसतं 'एका ज्येष्ठ महिलेच्या अर्जावर' एवढंच. मालनताईंनी अर्धा किलो बर्फी आणली. ऋतुजा कितीतरी दिवसांनी जिन्यावरून मोठ्यानं बोलत खाली आली, त्यांच्या गळ्यात पडली आणि ढसाढसा रडली.

शुक्रवारी मालनताईंनी चौगुलेला फोन लावला. निकालाची प्रत फायलीला हवी होती. फोन त्यांना सरळ मशीनमधूनच ऐकू यायचा, आणि इकडचं बोलणंही मशीनच पलीकडं पोचवायचं. ऋतुजानंच तसं करून दिलं होतं, फोन वाजला की दोन ठोक्यांनी आपोआप कानात सुरू. त्यांना ते हिरवं-लाल बटण कधी जमलंच नव्हतं.

"प्रत काय ताई, मंगळवारपासून वेबसाइटवर आहे. मराठीतसुद्धा आहे. वाचून दाखवू?" चौगुले खुशीत होता. त्यानं पहिली दोन पानं धडाधड वाचली. मग म्हणाला, "परिच्छेद अकरा. अर्जदाराने धोका ठोसपणे दाखवून दिला आहे, तो असा : अर्जदाराच्या घरी, घर क्रमांक चारशे सतरा, विणकर गल्ली, इचलकरंजी, वरच्या खोलीत राहणारी ऋतुजा..."

तो थांबला.

"काय झालं? वाच की."

"ताई, हे सगळं जसंच्या तसं उतरवलंय. पूर्ण नाव. आडनावासकट."

 वाक्य मालनताईंचंच होतं. 'वरच्या खोलीत राहणारी' हे शब्दसुद्धा त्यांचेच. नाव टाकून शोधलं की पहिल्याच ओळीत दिसेल, असं ते मंगळवारपासून जगासमोर होतं. चौगुले पलीकडून रडवेल्या आवाजात म्हणत होता, मी आत्ता अर्ज करतो, काढून टाकायला लावतो, मी तेव्हाच अडून बसायला हवं होतं. त्यांनी ते पुरतं ऐकलंच नाही.

मालनताई जिना चढून वर गेल्या. ऋतुजा कपडे घडी करत होती. मालनताईंनी सांगितलं. कसं सांगितलं ते त्यांना नंतर आठवेना. ऋतुजा ओरडली नाही की रडली नाही. तिनं पलंगाखालची बॅग ओढली, त्यात चार कपडे, कागदपत्रं आणि गोळ्यांची पाकिटं भरली.  हे काम तिनं आधी दोनदा केलं होतं.

"मला वाटलं, तुझ्यासाठीच..." मालनताई म्हणाल्या.

"मशीननं मला विचारलं नव्हतं, मावशी. ते मशीन होतं. तुम्ही तरी विचारायचं होतं."

"चुकलं माझं. पोरी, चुकलं. पण जाणार कुठं ते तरी सांग. मला घोर लागून राहील."

ऋतुजानं बॅगेची चेन लावली. "तुम्हाला सांगितलं तर तुम्ही कुठंतरी लिहून ठेवाल."

ती हे रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं. ती ते अगदी साधेपणानं म्हणाली. मग वाकून पाया पडली आणि खाली उतरून गेली. मालनताई खिडकीत गेल्या नाहीत. ती डावीकडं वळली की उजवीकडं, हेसुद्धा आपल्याला माहीत नको, असं त्यांना वाटलं.

रविवारी दुपारी दारात एक माणूस उभा राहिला. इस्त्रीचा शर्ट, दाढी गुळगुळीत, हातात कागदांची चळत. चप्पल बाहेर काढून त्यानं नमस्कार केला.

"मालनताई टिपुगडे ना? मी संग्राम. ऋतुजाचा नवरा."

मालनताईंनी दाराची चौकट धरली.  असा माणूस डोळे लाल करून येईल, असं त्यांनी मनात धरलं होतं. हा तर बँकेतल्या साहेबासारखा हसत होता.

"तुमचा अर्ज फार सुंदर आहे हो. सगळं कसं स्पष्ट." त्यानं कागदावर बोट ठेवलं. "मी त्या थांगपत्तावाल्यांकडे नंबर लावून बसलो होतो. ठसे मिळाले असते, तरी फार तर गल्ली कळली असती. घर नंबर तुम्ही दिलात. वरची खोली ना? बघू का जरा?"

"ती गेली."

"कुठे?"

"मला ठाऊक न्हाई."

तो त्यांच्या चेहऱ्याकडं बघत राहिला. तेवढ्यात मालनताईंच्या कानात फोन वाजला. एक ठोका. दुसरा ठोका. फोन आत स्वयंपाकघरात होता, बंद करायला हात पोचणार नव्हता.

"मावशी?" ऋतुजाचा आवाज मशीनमधून स्वच्छ कानात आला, जणू ती शेजारीच उभी होती. "मावशी, मी सुखरूप पोचले. त्या दिवशी मी तसं बोलायला नको होतं. ऐकताय ना?"

 समोरच्या माणसाला काही ऐकू जात नव्हतं. त्याला फक्त एक म्हातारी दाराला धरून उभी दिसत होती. ओठ हलले, डोळे भरले, तरी त्याला कळणार होतं. आणि पोरगी अजून एक शब्द बोलली, गावाचं नाव बोलली, तर ते आपल्या डोक्यात येऊन बसणार होतं.

"ताई, खोटं बोलू नका," संग्राम हळूच म्हणाला. "तिनं तुम्हाला फोन केलाच असेल."

कानातला श्वास थांबला. तिनं त्याचा आवाज ऐकला होता.

मालनताईंनी सगळा जीव गोळा केला आणि त्याच्या डोळ्याला डोळा भिडवून, गिरणीच्या गेटवर बोलायच्या तशा मोठ्यानं बोलल्या, "न्हाई केला. आणि करायचा बी न्हाई तिनं. कधीच न्हाई. मेली का जगली ते मला कळवायचं न्हाई. माझ्या दाराशी, माझ्या फोनशी तिचा संबंध संपला. ऐकलंस?"

कानात एक बारीक हुंदका आला, आणि मग लाईन तुटली.

"बरं," संग्राम म्हणाला. त्यानं कागद नीट घडी करून खिशात ठेवले आणि चप्पल घातली. "मी येत जाईन अधूनमधून."

तो येतो. दर रविवारी समोरच्या टपरीवर चहा घेतो आणि मालनताईंच्या दाराकडं बघत तासभर बसतो. चौगुलेनं पोलिसांत अर्ज दिला, परिच्छेद अकरावरही काळी पट्टी फिरवून घेतली. पण रस्त्यावर बसून चहा पिणाऱ्या माणसाला काय करणार, असं पोलीस म्हणतात. मालनताई मशीन कानात घालून आतल्या खोलीत बसतात. त्यानंतर ऋतुजाचा फोन एकदाही आलेला नाही. ती कुठं आहे, कशी आहे, आहे की नाही, काही कळायला मार्ग नाही. रविवारी तासभर फोन वाजला नाही आणि तो उठून गेला, की मालनताईंना हायसं वाटतं.